सात नंबरवरचं धुकं

माझ्या हाताखाली तीन बटणं होती: उत्तम, चालेल, नको. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एका डोंगराला मार्क देत बसायचे. डोंगर परदेशातला, बर्फाचा, पैसेवाल्यांनी पायाला फळ्या बांधून घसरायचा. त्याच्या अंगावर, खालच्या तिकीटघरापासून वरच्या शिखरापर्यंत, बावीस कॅमेरे ठोकलेले होते. जगातला कोणीही माणूस घरबसल्या रिसॉर्टच्या पानावर जायचा, कॅमेऱ्याचा नंबर दाबायचा आणि आज ऊन पडलंय का, बर्फ ताजा आहे का, रांग किती आहे, हे थेट बघायचा. थेट. हा शब्द त्या पानावर एका लाल ठिपक्याशेजारी लिहिलेला होता.

तशा लाल ठिपक्यांमागे आम्ही अकरा जणी बसायचो, एकेकीकडे एकेक डोंगर, एका गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली टायरांची थप्पी होती, त्यामुळे दिवसभर रबराचा वास खायचा आणि बर्फ बघायचा. उत्तम म्हणजे चित्र राहू दे. चालेल म्हणजे राहू दे, पण लक्ष ठेव. नको म्हणजे धुकं, काचेवर गोठलेलं पाणी, पक्ष्याने केलेली घाण, नाहीतर स्ट्रेचर. नको दाबलं की तो कॅमेरा पानावरून काढायचा आणि त्याच्या जागी साठवणीतला चांगला तुकडा चढवायचा. आजच्या धुक्यावर मागच्या आठवड्याचं ऊन. लाल ठिपका जागच्या जागी. कारण धुकं बघून कोणी खोली बुक करत नाही.

पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं होतं की हे खोटं नाही का. आमच्या सुपरवायझर बाईला आम्ही इस्त्री म्हणायचो, तिच्या कपड्यांवर आणि तोंडावर एकही सुरकुती नसायची म्हणून. तिने शांतपणे विचारलं होतं, डोंगर तोच आहे ना? मग खोटं कसं? ती मुलगी गप्प बसली. मीही बसले. नंतर मला या कामाबद्दल चीड आली, शिव्या आल्या, सगळं आलं, पण त्या दिवशी मी गप्प बसले हे आधी सांगून टाकते.

ही नोकरी मामाने दिली होती. मामा कोणाचाही मामा नव्हता. तो माणसं पुरवायचा. एकाच करारात त्याने रिसॉर्टला दोन्ही माल पुरवला होता. बर्फ उपसायला हातपाय वर पाठवले आणि पडदे बघायला डोळे इथे ठेवले. आमच्या घरातून त्याने दोन नग उचलले. मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या धाकट्या भावाला डोंगरावर चढवलं.

भावाला घरात बोका म्हणायचे. कुठूनही पडला तरी पायांवर पडायचा. शाळेच्या कौलांवरून पडला, जिन्यावरून पडला, एकदा चालत्या टेम्पोतून पडला आणि उठून टेम्पोवाल्यालाच म्हणाला की नीट चालव. डोंगरावर त्याला सात नंबरच्या कॅमेऱ्याखाली जागा मिळाली. खुर्च्यांची लिफ्ट जिथे वर पोचते आणि लोक खुर्चीतून उतरून घसरायला लागतात, ती जागा. उतरण्याची जागा फावड्याने सपाट ठेवायची, पडलेल्याला बखोट धरून उठवायचं, खांबांवरचा बर्फ झोडायचा. पडणाऱ्यांना उठवायचं काम आणि माणूस कोण, तर बोका. आम्ही खूप हसलो होतो.

आमचे बाबा क्रेन चालवायचे. बत्तीस वर्षं. जमिनीपासून सत्तर फुटांवर काचेच्या डब्यात बसून, खाली उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातांकडे बघत. तिथे आवाज पोचत नाही, म्हणून सगळं बोलणं हातांचं. हात वर करून बोट गोल फिरवलं की उचल. हात खाली करून फिरवलं की सोड. गुडघे गेले आणि बाबा कायमचे जमिनीवर आले, तरी ही भाषा सुटली नाही. चहा हवा असला की बोट गोल फिरवायचे. आई होती तेव्हा म्हणायची, मी काय लोखंडी तुळई आहे का? मला आणि बोक्याला हे इशारे बाराखडीच्या आधी आले. त्यातला एक बाबा नेहमी सगळ्यात शेवटी शिकवायचे आणि तेव्हा हसायचे नाहीत. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरायचे आणि जोरात हलवायचे. थांबव. आत्ताच्या आत्ता, असेल तिथे. बाकीचे इशारे फक्त नेमलेल्या माणसाचे मानायचे, ते सांगायचे, पण हा कोणाचाही मानायचा. हमालाने दिला, रस्त्याने जाणाऱ्याने दिला, वेड्याने दिला तरी. आधी हात थांबला पाहिजे, डोक्याने मागाहून विचार करावा.

तर बोका वर गेल्यावर बापलेकांनी आपसात ठरवून टाकलं. रोज दहा वाजून दहा मिनिटांनी बोका कॅमेऱ्यासमोर यायचा, हात वर करायचा आणि बोट गोल फिरवायचा. म्हणजे सगळं ठीक, उचला. इकडे बाबा मी आणलेल्या जुन्या लॅपटॉपसमोर चष्मा पुसून तयार. डोंगराचं आणि आमचं घड्याळ दोन तासांनी वेगळं, म्हणून बाबांनी भिंतीवरचं घड्याळच डोंगराच्या वेळेला लावलं. त्यामुळे जेवायची वेळ झाली का, हे घरात कोणालाच खात्रीने सांगता येईना. मी कामावर तेच बघत असायचे, बावीस पडद्यांतल्या एकात. बोक्याचं बोट फिरायचं आणि मी उत्तम दाबायचे.

साडेदहापर्यंत बोका दिसला नाही तर बाबा वरच्या मुकादमाला फोन लावायचे. मोडक्यातोडक्या बोलीत, पण लावायचे. पहिल्यांदा लावला तेव्हा मुकादम शिव्या घालत बर्फावरची गाडी घेऊन वर गेला, तर बोका खरंच पाय मुरगळून मशीनच्या खोलीमागे बसलेला. त्याचा फोन कामाच्या वेळेत खाली कपाटात बंद, कारण तसा नियम. वॉकीटॉकीची बॅटरी थंडीने मेलेली. त्या दिवसापासून बाबांची छाती फुगली. त्या डोंगरावर पन्नासच्या वर माणसं राबत होती आणि संध्याकाळी हजेरी होईपर्यंत त्यांना मोजणारं कोणी नव्हतं. बोक्याला मोजणारा एक माणूस होता. तो दोन समुद्र ओलांडून, लुंगीवर बसून, चष्म्यातून मोजत होता.

अडचण धुक्याची झाली. धुकं पडलं की मी नको दाबायचे, सात नंबरवर कुठलातरी जुना रिकामा उन्हाचा तुकडा चढायचा, त्यात बोका नसायचा, आणि बाबा मुकादमाला फोन लावायचे. आठवड्यातून दोनदा, तीनदा. मुकादम आधी हसला, मग चिडला. एका रविवारी बोक्याचा मला फोन आला.

"तायडे, म्हाताऱ्याला आवर," तो म्हणाला. "इथे सगळे मला बाळ म्हणायला लागलेत. मुकादम म्हणतो, अजून एक फोन आला तर बाळाला बापाकडे पार्सल करतो."

तेव्हा कल्पना कोणाची निघाली, हे मी नंतर खूपदा उलटंपालटं करून आठवून बघितलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं. माझी.

एका स्वच्छ दिवशी बोका नवी टोपी घालून आला, कॅमेऱ्यासमोर ऐटीत उभा राहिला, हात वर केला, बोट फिरवलं, नाक पुसलं आणि फावडं घेऊन बाजूला झाला. मी दहा ते अकरा हा सबंध तास साठवणीत टाकला आणि त्याला नाव दिलं: सात नंबर, उत्तम. संध्याकाळी बोक्याने फोनवर बजावलं की नाक पुसलेलं कापू नको, त्याने खरं वाटतं. त्यानंतर धुकं पडलं की मी तोच तास चढवायचे, घड्याळाशी मिनिट जुळवून. दहा दहाला बोका यायचा, बोट फिरवायचा, बाबा लॅपटॉप मिटून पाठ टेकायचे. मुकादमाचा फोन थंड झाला. त्या मोसमात मी तो तुकडा अकरा वेळा वापरला. एकदा जेवताना बाबा म्हणाले, पोराला सर्दी झालीय, दर दोन-चार दिवसांनी बघावं तर नाक पुसतोय, त्याला काहीतरी औषध पाठव. मी हो म्हटलं आणि ताटात बघून हसले.

बारावी वेळ आली तो दिवस साधाच होता. नऊच्या सुमाराला डोंगरावर वारा सुटला. साडेनऊला वरची लिफ्ट बंद केली, सहलवाल्यांना खाली उतरवलं. मागून धुकं आलं, खालून वर, दूध उतू जावं तसं. दहा वाजून तीन मिनिटांनी मी सात नंबरवर नको दाबलं आणि बोक्याचा तास चढवला. मला वाटलं, बोकाही खाली उतरला असेल. तो उतरला नव्हता. मुकादमाने त्याला घसरणाऱ्यांना अडवायला कडेला लावलेली जाळी गुंडाळायला मागे ठेवलं होतं. एकट्याला. हे मला नंतर कळलं.

नको दाबलेला कॅमेरा आमच्या पडद्यावर अगदी खालच्या ओळीत जातो, बोटाच्या पेराएवढा होऊन. त्याच्याकडे अर्ध्या तासाने एकदा बघायचं, धुकं हटलं का एवढंच. मी दहा चाळीसला बघितलं. राखाडी. अकरा दहाला बघितलं. राखाडी. या दोहोंच्या मध्ये इस्त्री माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिला तीन नंबर हवा होता. तीन नंबर म्हणजे खालच्या हॉटेलची गच्ची, तिथेही धुकं होतं, आणि चढवलेल्या तुकड्यात ऊन तिला फिकट वाटत होतं. अजून पिवळं शोध, ती म्हणाली, टेबलावर कप असलेलं, लोकांनी गॉगल लावलेलं. मी साठवणीतून एकेक दिवस काढून तिला दाखवत राहिले. हे नको, ते नको, याच्यात कप नाहीत. वीस मिनिटं गेली. शेवटी एक सापडलं, त्यात एक बाई तोंड वर करून डोळे मिटून बसली होती. इस्त्री खूश झाली.

दुपारी दोनला वारा पडला आणि धुकं फाटलं. मी खालच्या ओळीतला सात नंबर मोठा केला, नको काढून उत्तम दाबावं म्हणून. कॅमेऱ्याच्या खांबाशी चार माणसं उभी होती. मुकादम टोपी काढून हातात धरून उभा होता. मधे बर्फाचा एक उंचवटा होता आणि त्यातून नवी टोपी दिसत होती.

माझं बोट उत्तमवर होतं. ते दाबलं असतं तर हे चित्र पानावर गेलं असतं, लाल ठिपक्यासकट. बाबा दुपारी पुन्हा एकदा बघतात, हे मला माहीत होतं. मी बोट उचललं आणि पुन्हा नको दाबलं. इस्त्रीने मागून बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की सात नंबर आज दिवसभर असाच राहू दे. तो माझा भाऊ आहे, हे तिला तोवर माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तिने हात काढून घेतला, जणू भाजला.

मी घरी पोचायच्या आत मामाने बाबांना फोन लावला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी. नंतर मामा मला हे तक्रारीच्या सुरात सांगत होता. म्हणे तुझा बाप मलाच वेड्यात काढत होता. मामाने बातमी सांगितली, तर बाबांनी त्याला थांबा म्हणून लॅपटॉप उघडला. तुकडा तासाभराचा, संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे दर तासाला दहाव्या मिनिटाला बोका हात वर करतो.

"तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय," बाबा मामाला म्हणाले होते. "मी आत्ता बघतोय त्याला. हात वर आहे त्याचा."

घरात शिरले तेव्हा ते तसेच लॅपटॉपसमोर होते. मी झाकण मिटलं. मी तुकड्याबद्दल काही बोलले नाही. त्यांनी आपणहून मनाशी जुळवलं की फोन यायला उशीर झाला, चित्र यायला उशीर झाला, परदेशातल्या यंत्रांचं काही सांगता येत नाही.

आमच्याकडे खरी चित्रं सात दिवस ठेवतात आणि मग पुसतात. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले. लोकांना वाटलं, काय दगडाची बाई आहे. मी सात नंबरची त्या दिवसाची खरी फीत काढली, दहापासून, आणि बघत बसले. राखाडी, राखाडी, राखाडी. दहा बावन्नला वाऱ्याच्या झोतात धुकं फाटलं. नऊ सेकंद. बोका खांबासमोर होता, गुडघ्यांवर. एक पाय मागे भलत्याच दिशेला वळलेला. टोपीला, भुवयांना, ओठांना बर्फ. त्याने वर कॅमेऱ्यात बघितलं, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले आणि हलवायला लागला. मग धुकं मिटलं.

नंतर जे कळलं ते एवढंच. जाळी ओढताना कडेचा बर्फ तुटला आणि तो खाली गेला. या वेळी पायांवर पडला नाही. वॉकीटॉकी खालीच राहिली. तो तेवढा चढ सरपटत वर आला. बंद मशीनच्या खोलीकडे गेला नाही, रस्त्याकडे गेला नाही. कॅमेऱ्याकडे आला. धुकं होतं, म्हणजे बाबांना तुकडा दिसत असणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. आम्ही दोघांनीच तर ते जमवलं होतं. म्हणजे तो बाबांना हात दाखवत नव्हता. खरं चित्र जगात एकाच बाईला दिसत होतं, आणि तो तिच्याकडे बघत होता. दहा बावन्नला ती बाई टेबलावरचे कप शोधत होती.

फोन आत नेऊ नये असा नियम. मी मोज्यात घालून नेला होता. ते नऊ सेकंद मी पडद्यावरून फोनमध्ये उतरवून घेतले.

दहाव्या दिवशी पेटी आली, तिच्याबरोबर रिसॉर्टचा अहवाल आला. मामाने तो आमच्यासाठी भाषांतर करून घेतला होता, हा त्याचा मोठेपणा. अहवालात होतं की दहा वाजून दहा मिनिटांनी कामगार नेमलेल्या जागी धडधाकट होता, हवा स्वच्छ होती, दृश्य लांबपर्यंत मोकळं होतं, सोबत थेट कॅमेऱ्याचं चित्र जोडलं आहे. त्यानंतर कामगार परवानगीशिवाय कडेला गेला. चित्रात नवी टोपी होती, बोट वर होतं. माझाच तुकडा. माझाच उत्तम.

मी इस्त्रीकडे गेले आणि फोन तिच्यासमोर धरला. तिने नऊ सेकंद दोनदा बघितले. तिच्या कपाळावर एक आठी पडली, ती मी बघितली, आणि तिने ती पुसूनही टाकली. हे तुझ्याच अंगावर येईल, ती हळू आवाजात म्हणाली. दहा तीनला नको कोणी दाबलं? तुझं नाव आहे. तुकडा कोणी साठवला? तुझं नाव. दोन वाजता सगळं स्वच्छ दिसत असताना पुन्हा नको कोणी दाबलं? मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात राहू दे. ती म्हणाली, तू दाबल्यावर म्हणाले. आणि खरंच, मी दाबल्यावरच ती म्हणाली होती. ती बाई कधी खोटं बोलली नाही, हे तिच्याबद्दल मान्य केलं पाहिजे.

तरी मी मामाच्या ऑफिसात गेले, तिथून रिसॉर्टला पत्र पाठवलं, फीत पाठवली. उत्तर आलं चार ओळींचं. कॅमेरे सहलीच्या माहितीसाठी आहेत, सुरक्षेसाठी नाहीत. तसं पानाच्या तळाशी लिहिलेलं आहे. कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहोत. पाचव्या ओळीत नाही, पण त्याच आठवड्यात मला काढलं. कारण लिहिलं होतं, कामाच्या खोलीत फोन नेणे.

हे सगळं मी बाबांपासून लपवलं. मला वाटलं, त्यांच्याजवळ एक गोष्ट आहे ती राहू द्यावी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, दहा दहापर्यंत ठणठणीत होता, मी स्वतः बघितला. जे झालं ते नंतर, एका झटक्यात, त्याला कळलंसुद्धा नसेल. लोक मान हलवायचे. मी पाणी आणून द्यायचे.

पण अहवाल घरात होता आणि बाबांना वाचता येत होतं. हळूहळू ते दुसऱ्या ओळीवर अडायला लागले. परवानगीशिवाय. आधी नुसते पुटपुटायचे. मग एक दिवस भिंतीवरचा बोक्याचा फोटो उतरवला आणि कपाटात उलटा ठेवला. संध्याकाळी शेजारचे काका बसले होते, क्रेनवरचेच जुने सोबती. त्यांच्यासमोर बाबा म्हणाले की पोर माजलं होतं. नेमलेली जागा सोडू नये, हे मी त्याला चालायला शिकला तेव्हापासून सांगतोय. स्वच्छ ऊन, कोणी धक्का दिला नाही, कोणी पाठवलं नाही, आपल्या मस्तीत कडेला गेला. असा माणूस मी माझ्या क्रेनखाली एक दिवस उभा केला नसता.

काका गेले. मी दार लावलं. मला त्या क्षणी कोणाचा राग आला होता, ते नीट सांगता येत नाही. मामाचा, इस्त्रीचा, त्या डोळे मिटून बसलेल्या बाईचा, म्हाताऱ्याचा. पण कपाटात उलटा पडलेला बोका मला सहन होईना. मी फोन काढला आणि बाबांच्या हातात दिला. आधी तुकड्याबद्दल सगळं सांगितलं. नवी टोपी, नाक पुसणं, अकरा वेळा आणि बारावी वेळ. ते फोन हातात धरून ऐकत होते, जणू मी दुसऱ्या कोणाच्या घरातलं सांगत होते. मग मी म्हटलं, आता हे बघा, आणि बटण दाबलं.

नऊ सेकंद. बाबांचा उजवा हात गुडघ्यावर होता. बोक्याचे हात आडवे झाले, त्याच क्षणी बाबांच्या हाताची मूठ वळली आणि जोरात मागे ओढली गेली. तिथे दांडा नव्हता, बत्तीस वर्षं जिथे असायचा तिथली नुसती हवा होती. हात आधी थांबला. डोकं मागून आलं.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. पुन्हा मूठ मागे गेली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

"तू कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

"तिथेच होते, बाबा. ऊन शोधत होते. हॉटेलच्या गच्चीसाठी."

ते रागावले नाहीत. रागावतील म्हणून मी उभीच होते. त्यांनी फोन माझ्याकडे परत दिला, उठले, गुडघ्यांवर हात ठेवत कपाटापर्यंत गेले, बोक्याचा फोटो काढला आणि जागेवर लावला. तो थोडा तिरका लागला. मी सरळ करायला पुढे झाले, तर मला हाताने अडवलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलतात, हवं नको विचारतात, औषध संपलं की सांगतात. चहा हवा असला की तोंडाने मागतात. बोट फिरवत नाहीत.

हे होऊन दुसरा मोसम सुरू झाला. माझ्या खुर्चीत कोणीतरी नवी मुलगी बसत असेल. तिला बिचारीला काही माहीत नसणार. साठवणीत तिला नीट नाव दिलेले तुकडे मिळाले असतील आणि त्यातला एक सात नंबरचा, उत्तम. तिच्या जागी मी असते तर मीही तोच निवडला असता. ऊन पिवळं आहे, बर्फ ताजा आहे, आणि एक माणूस हात वर करतो त्याने चित्र जिवंत वाटतं. तुकडा काढून टाका म्हणून मी दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. मग पाठवायचं सोडलं.

भिंतीवरचं घड्याळ अजून डोंगराच्या वेळेवर आहे. दहा वाजता बाबा चष्मा पुसतात, लॅपटॉप उघडतात, सात नंबर दाबतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. बहुतेक दिवशी कोणी अनोळखी फावडंवाला असतो, पाठमोरा, त्याच्या घरचं कोणी बघत असेल-नसेल. बाबा त्याच्याकडे साडेदहापर्यंत बघतात, तो सरळ उभा आहे एवढी खात्री करतात आणि झाकण मिटतात.

काल दहा वाजून दहा मिनिटांनी बोका आला. नवी टोपी, हात वर, बोट गोल. मग त्याने नाक पुसलं आणि फावडं घेऊन बाजूला झाला. शेजारी लाल ठिपका जळत होता.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"आज धुकं आहे तिकडे," ते म्हणाले.